पौषापर्यंत थांबा, ताई

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

सिस्टर, नमस्कार. मी अकोल्याची, वय ४३. घरीच शिवणकाम करते, जास्त करून ब्लाउज. वीस महिन्यांपूर्वी माझं वजन १२४ किलो होतं. शुगर होती, गुडघे गेले होते. नागपूरला पोट लहान करायचं ऑपरेशन केलं. आता ७१ किलोवर आले, गेले पाच महिने काटा ७१-७२ वरच आहे. उंची पाच फूट दोन इंच. शुगरची गोळी सुटली. लोक कौतुक करतात, पण कपड्याखाली काय आहे ते मलाच माहीत. पोटाची कातडी मांडीवर येते. रोज सकाळी जुन्या सुती साडीच्या तुकड्याची घडी त्या वळीखाली ठेवते, दुपारी बदलते, रात्री बदलते. तरी पावसाळा लागला की तिथे लाल होतं, चिघळतं, वास येतो. मशीनवर बसले की ते ओझं मांडीवर. चारचौघींत ओटी भरून घ्यायला उभं राहायचीसुद्धा लाज वाटते.

एका क्लिनिकमध्ये म्हणाले, लायपोसक्शन करू, सकाळी या, संध्याकाळी घरी. नागपूरच्या प्लास्टिक सर्जनने सांगितलं की आडवा आणि उभा असे दोन्ही छेद लागतील, खर्च पावणेतीन लाख. माझे भिशीचे १ लाख ८० हजार आहेत. मुलगी बारावीला आहे. सासूबाई म्हणतात, "देवानं वजन उतरवलं, आता कातडीचे कसले लाड?" मिस्टर म्हणतात, "तुला वाटेल ते कर." विमा कंपनीच्या एजंटने सांगितलं की हे कॉस्मेटिक आहे, एक पैसा मिळणार नाही. दोन सिझेरियन झालेत, २००४ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन, उजव्या बरगडीखाली मोठा व्रण आहे. रक्ताचे रिपोर्ट जोडलेत. मी हावरटपणा करतेय का? करायचं तर आत्ताच श्रावणात उरकू का?

ताई,

तुमचे रिपोर्ट आधी पाहिले, ही जुनी सवय. मग पत्र वाचलं, आणि परत वाचलं. सव्वीस वर्षं मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते, त्यातली शेवटची अकरा वर्षं इन्चार्ज. ऑपरेशन मी करत नाही, आणि तुम्हाला हात लावून तपासल्याशिवाय शेवटचा शब्द कुणीही देऊ नये. पण ऑपरेशननंतरची पहिली रात्र, तिसरा दिवस, दहावा दिवस, ड्रेन (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) निघताना बाईच्या चेहऱ्यावर येणारी सुटका, हे सगळं मी खाटेशी उभी राहून पाहिलंय. त्या जोरावर लिहिते.

ऑपरेशन करा. श्रावणात करू नका.

सासूबाईंचं वाक्य तुम्हाला लागलंय, म्हणून त्याच्याबद्दल आधी. तुम्ही शिवणकाम करता, तर परकराच्या इलॅस्टिकचंच उदाहरण घ्या. ते वर्षानुवर्षं ताणून आतले धागे तुटले की धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत आटत नाही. कातडीच्या आतही ताण धरणारे तंतू असतात. तुमच्या कातडीने १२४ किलोचं शरीर अनेक वर्षं सांभाळलं, दोन बाळंतपणं सांभाळली. ते तंतू आता तुटलेत. व्यायामाने आतला स्नायू बळकट होईल, त्यावरची सैल कातडी आटणार नाही. तेलाने नाही, मालिशने नाही, पट्टा आवळून तर नाहीच. यात तुमचा आळस कुठे आला? तुम्ही ५३ किलो उतरवलेत. ती कातडी त्याच कष्टाचं मागे राहिलेलं ओझं आहे.

आणि हे नवे चोचलेही नाहीत. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये लोंबणाऱ्या पोटाची कातडी-चरबी आडवी कापून काढल्याची नोंद केली आहे. म्हणजे सव्वाशे वर्षं डॉक्टर या ओझ्याला ओझंच म्हणत आलेत. दिवसातून तीनदा फडक्याची घडी बदलावी लागते, चिघळतं, चालताना-बसताना आड येतं, त्याला लाड म्हणत नाहीत. आणि समजा, त्यातला थोडा भाग दिसण्याचा असेल. तरी काय बिघडलं? ओटी भरून घेताना ताठ उभं राहावंसं वाटणं हा हावरटपणा नाही.

आता वळीखालचं चिघळणं, कारण ते आजचं आहे. मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब लावत असाल तर थांबवा. बुरशी, खाज आणि जंतू, तिन्हींवर एकच म्हणून खपणाऱ्या बऱ्याच मलमांत तगडं स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट फोफावते आणि कातडी पातळ होऊन फाटल्यासारख्या रेघा पडतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि त्यांनी लिहिलेलंच लावा. आंघोळीनंतर वळ उचलून मऊ फडक्याने टिपून कोरडी करा, घासू नका, दोन मिनिटं पंख्याची हवा लागू द्या, मगच घडी ठेवा. सुती साडीचा तुकडा उत्तम आहे, तुमचं ते बरोबर चाललंय. फक्त तो रोज उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, आणि ऊन नसेल त्या दिवशी इस्त्री फिरवा. आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांची चिठ्ठी, बिल, चिघळलेल्या जागेचा तारखेसह फोटो, सगळं एका फाइलमध्ये लावत जा. का, ते विम्याच्या भागात सांगते.

लायपोसक्शनचं उत्तर सोपं आहे. लायपो चरबी ओढतं, कातडी काढत नाही. तुमची तक्रार कातडीची आहे. रिकामी झालेली पिशवी आणखी रिकामी केली तर ती जास्तच लोंबेल. मोठ्या ऑपरेशनबरोबर एखाद्या भागात सर्जन थोडं लायपो करतात, ते वेगळं. पण तुम्हाला पाहून "सकाळी या, संध्याकाळी घरी" म्हणणाऱ्या माणसाने एकतर तुमचं पोट नीट पाहिलं नाही किंवा पाहूनही खरं सांगितलं नाही. तिकडे परत जाऊ नका. जिथे जाल तिथे डॉक्टरांची पदवी विचारा. एम.सीएच. किंवा डीएनबी (हल्ली तिला डीआरएनबी म्हणतात), आणि तीही प्लास्टिक सर्जरीतली. 'कॉस्मेटिक' अशी पाटी कुणीही लावतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत नाव आणि पदवी तपासता येते. तुमच्या आटोक्यातल्या नागपुरात तर देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. सी. बाळकृष्णन यांनी मेडिकल कॉलेजात उभा केला. चांगले हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आलेत.

दोन छेदांचं ऐकून तुम्ही घाबरलात, ते समजतं. ब्लाउज सैल झाला आणि तुम्ही तो फक्त उंचीला कमी केलात तर रुंदीचा ढगळपणा जातो का? नाही, त्याला उभी चूण घ्यावी लागते. पोटाचंही तसंच. नुसता आडवा छेद, ओटीपोटाच्या खाली एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, वरून खाली लोंबणारी कातडी काढतो. ५०-६० किलो उतरलेल्या माणसाची कातडी आडवीही सैल असते, कमरेवर चुण्या पडतात. त्यासाठी बरगड्यांच्या मधून खाली येणारा उभा छेद. दोन्ही मिळून उलटा 'टी' होतो. आत, कातडीखाली, बाळंतपणात आणि लठ्ठपणात एकमेकांपासून फाकलेले पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध टाक्यांनी जवळ आणतात, अस्तराला आतून धावदोरा घालावा तसे. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागीच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवं काज करतात. सिझेरियनचा व्रण बहुतेक वेळा कापलेल्या कातडीबरोबर निघून जातो.

याहून लहान प्रकारही आहे. त्यात फक्त कातडीचा लोंबता पदर कापतात, स्नायू शिवत नाहीत, वरच्या पोटाला हात लावत नाहीत. वेळ कमी, खर्च कमी, जोखीमही थोडी कमी. पोट सपाट होत नाही, पण फडक्याची घडी सुटते. सर्जनना नीट विचारा, "फक्त पदर काढला तर माझं भागेल का?" माझ्या मनात हा पर्याय तुमच्यासाठी बराच वर आहे, आणि त्याचं कारण तो पित्ताशयाचा व्रण.

त्या व्रणाबद्दल जरा थांबून सांगते. पोटाची कातडी उचलली की मधून येणारा रक्तपुरवठा तुटतो आणि ती कडेकडून येणाऱ्या रक्तावर जगते. उजवीकडून येणारी ती वाट तुमच्या २००४ च्या छेदाने आधीच कापलेली आहे. त्यामुळे व्रणाच्या खालची कातडी, विशेषतः 'टी'चे कोपरे जिथे मिळतात तिथे, रक्त न पोचल्याने काळी पडू शकते. याचा अर्थ ऑपरेशन होणार नाही असा नाही. कातडी किती उचलायची, छेद कुठून न्यायचा, याचा हिशेब बदलतो. नागपूरच्या सर्जनने तो व्रण पाहून काय सांगितलं ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच असू द्या.

आता श्रावणात का नको. तुमचं हिमोग्लोबिन ९.१ आहे. बी-१२ १६०. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, ३.२. डी जीवनसत्त्व १४. सगळेच आकडे कमी आहेत. केस मूठमूठ गळतात असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, जणू ते वेगळं दुखणं आहे. ते याचंच आहे. पोट लहान केल्यावर खाणं कमी होतं, लोह आणि बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि वर्ष-दीड वर्षाने गोळ्या सुटतात, कारण बरं वाटायला लागलेलं असतं. एका कमरेपासून दुसरीपर्यंतची जखम भरायला शरीराला प्रथिनं लागतात, रक्त लागतं. या आकड्यांवर जखम उसवते. मी उसवलेल्या जखमा महिना-दोन महिने रोज बांधल्यात. रुग्ण रडत नाही, नुसती छताकडे बघत राहते. ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून पहिले दोन-तीन महिने फक्त हे आकडे वर आणायचे. ज्यांनी पोटाचं ऑपरेशन केलं त्यांनाच हे रिपोर्ट दाखवा. लोह गोळीने चढत नसेल तर शिरेतून देतात, बी-१२ चं इंजेक्शन असतं. लोहाची गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, नाहीतर इकडून भरायचं आणि तिकडून वाहायचं. ताटात आधी प्रथिनं, मग भाकरी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, मूठभर कोरड्या सोयाबीन वड्यांत १५ च्या आसपास. वाटीभर पातळ वरणावर भागत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या जवळ आलं, अल्ब्युमिन साडेतीनच्या वर गेलं की सर्जनकडे जा.

तुमचं वजन पाच महिने स्थिर आहे, ही फार चांगली गोष्ट. सहा महिने तरी स्थिर असावं, असं सर्जन पाहतात. ते पौषापर्यंत आपोआप होईल. हल्ली वजनाची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं निघालीत, मधल्या काळात कुणी सुरू केलीच तर भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा, त्या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं.

एक प्रश्न मी तुम्हाला समोर बसवून, घरचं कुणी नसताना विचारला असता. मिश्री लावता का? तपकीर, गुडाखू? लाजू नका. मी नाव न सांगता एक आठवण सांगते. आमच्या वॉर्डात तुमच्यासारखीच एक बाई आली. "तंबाखू?" "नाही." "सिगारेट, दारू?" "छे." तिने खोटं सांगितलं नव्हतं, मिश्रीला ती तंबाखू समजतच नव्हती, ते दात घासणं होतं. ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर बेंबीखालची तळहाताएवढी कातडी निळसर, दुसऱ्या दिवशी काळी. उशीखाली मिश्रीची डबी सापडली. चूक तिची नव्हती, प्रश्न विचारणाऱ्या आम्हा सगळ्यांची होती. मी त्यानंतर कधीही "तंबाखू खाता का" असं विचारलं नाही. "सकाळी दाताला काय लावता" असं विचारत आले. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि तुमच्या कातडीला एक वाट आधीच बंद आहे. लावत असाल तर ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी आणि नंतरही महिनाभर पूर्ण बंद. मिस्टर घरात सिगारेट ओढत असतील तर त्यांचीही बाहेर.

तसंच, सण-पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. त्याने पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढू शकतो, आणि पोटाच्या या ऑपरेशनमध्ये तो धोका मुळातच असतो. ऑपरेशनच्या आगेमागे त्या अजिबात नकोत. घेतल्या असतील तर सांगा.

पौष का म्हणाले? पौषात लग्नं नसतात, तुमचं मशीन तसंही शांत असतं. थंडी असते. सहा आठवडे अंगाशी घट्ट पट्टा बांधायचा आहे, अकोल्याच्या मे महिन्यात तो बांधून घामाने टाके भिजवायचे नाहीत, आणि पावसाळ्यात तुमची कातडी आधीच चिघळलेली. चिघळलेल्या जागेवर सर्जन छेद घेत नाहीत. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाता येणार नाही, तेवढं मात्र खरं.

आता त्या सहा आठवड्यांचं खरं चित्र. पूर्ण भूल, दोन ते चार तास, उभा छेद असेल तर जास्त. दवाखान्यात साधारण दोन-तीन दिवस. उठाल तेव्हा पोटाला दोन बारीक नळ्या आणि त्यांच्या टोकाला दाबून ठेवलेले फुगे, हेच ड्रेन. आत साचणारं पाणी त्यातून येतं. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. सकाळ-संध्याकाळ मापाच्या कपात ओतून वहीत लिहायचं. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की बहुतेक सर्जन काढतात, त्याला आठवडा लागतो, कधी दोन. पहिला आठवडाभर सरळ उभं राहता येत नाही, कमरेतून वाकूनच चालायचं, कारण कातडी ताणलेली असते. झोपायचं पाठीवर, गुडघ्याखाली दोन उश्या. पण त्याच संध्याकाळपासून किंवा दुसऱ्या सकाळपासून चालायचं मात्र नक्की. पायात गाठ होऊ नये म्हणून हेच सर्वांत मोठं औषध. काहींना त्यासाठी इंजेक्शनही देतात.

घरात उकिडवं बसायचं संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. दवाखान्यातून आल्यावर शोधू म्हणालात तर पहिल्याच दिवशी अडाल. जमिनीवरची गादी बंद, पलंग हवा. पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, कणकेचा मोठा गोळा, ओलं धुणं, काहीच नाही. खोकला आणि बद्धकोष्ठता यांची आधीच सोय करा, दोन्हींनी आतले टाके ताणतात. पायाचं मशीन सहा आठवडे बंद, मोटारचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडा वेळ, तेही सर्जन हो म्हणाले तर. आणि बेंबीखाली बरेच महिने बधिरपणा राहतो, थोडा कायमचाही राहू शकतो. तुम्ही शिवताना टाचण्या पोटाशी कपड्यात खोवता का? बहुतेक खोवत असाल, सगळ्याच खोवतात. ती सवय सोडा. टोचलेलं कळणार नाही. गरम पिशवीही तिथे ठेवू नका, भाजलेलंही कळत नाही.

व्रण मोठा राहणार. पहिले काही महिने लाल, उठावदार, वर्ष-दीड वर्षात फिका होतो, पुसला जात नाही. आडवा व्रण खाली असतो, पण त्याची दोन टोकं कमरेच्या हाडाजवळ वर चढतात, नेमकी तिथेच परकराची नाडी बसते. चार-पाच महिने नाडी नको, गाऊन किंवा रुंद पट्ट्याचा सैल परकर स्वतःच शिवून ठेवा. तुम्हाला मी काय सांगायचं.

जखमेची कड थोडी उघडणं, आत पाणी साचणं, हे इतकं वजन उतरलेल्यांत नेहमी दिसतं, घाबरायचं नाही, दाखवायचं. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखलं, तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. ताप, दुर्गंधी, कातडीचा काळा पडणारा भाग, पोटाची एक बाजू एकदम फुगणं, हेही त्याच दिवशी. नागपूर-अकोला अडीचशे किलोमीटर आहे. म्हणून ड्रेन निघेपर्यंत नागपुरातच कुणा नातेवाइकाकडे राहा, आणि येताना गाडी दर तासाला थांबवून चार पावलं चाला.

विम्याचं. एजंट म्हणाला ते पूर्ण खरं नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिलेली अपवादाची कलमं आहेत. त्यातलं कोड ०८ कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. या सर्जरीचे पैसे नाहीत असं ते म्हणतं, पण अपघात, भाजणं, कर्करोग यांच्यानंतरच्या पुनर्रचनेला ते लागू होत नाही, आणि शरीराला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेच्या उपचारांनाही लागू होत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं तर. तुमचं चिघळणं या व्याख्येत बसेल याची खात्री मी देणार नाही. स्नायू शिवण्याचे पैसे मिळतील अशी आशा तर ठेवूच नका. पण नुसता पदर काढायचा असेल आणि वर्षभर उपचार करूनही पुन्हापुन्हा संसर्ग झाल्याची ती फाइल हातात असेल, तर मागून बघण्यासारखं आहे. आधी लेखी पूर्वमंजुरी मागा. नकार आला तर तोही लेखी घ्या. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे. अकोल्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे येतं, फी नाही, वर्षाच्या आत जावं लागतं. आणि कुणी म्हणालं की "हर्निया लिहून टाकू, पास होईल", तर उठून या. खरंच हर्निया असेल तर सोनोग्राफीत दिसेल आणि तो भाग रीतसर मागता येईल. नसताना लिहिला तर उद्या पॉलिसीच जाईल, घरच्या सगळ्यांची.

पावणेतीन लाखांत काय काय धरलंय ते लेखी मागा. भूलतज्ज्ञ, पट्टा, औषधं, नंतरची ड्रेसिंगं, आणि जखम उसवली तर पुन्हा शिवण्याचा खर्च कुणाचा. कॉस्मेटिक म्हणून बिल केलं तर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरला आहे की वरून, हेही विचारा. भिशीचे पैसे आणि पौषापर्यंतची दिवाळीची शिलाई, यात पदर काढण्यापुरतं बहुधा जमेल. कर्ज काढून, मुलीच्या फीमधून उचलून मात्र करू नका. पैशाची काळजी उशाशी घेऊन पडलेली बाई पंधराव्या दिवशी मशीनवर बसते. मी पाहिल्यात.

राहिला घरचा प्रश्न. सासूबाईंशी वाद घालू नका. एकदा, फक्त एकदा, दार लावून त्यांना ती वळ उचलून दाखवा. त्यांनी ते कधी पाहिलंच नसणार. बहुतेक बायका त्यानंतर गप्प होतात, आणि काही जणी स्वतः फडकं शिवून देतात.

मिस्टरांचं "तुला वाटेल ते कर" तुम्हाला आधारासारखं वाटत नाहीये, हे ओळींमधून कळतं. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. पुढचं त्यांच्यासाठीच आहे.

दादा, सहा आठवडे तुमच्याकडे कामं आहेत. सकाळचं पाणी तुम्ही भराल. पहिले चार दिवस रात्री तिला उठवून बसवायचं ते खांद्याखाली हात घालून, हात ओढून नाही. ड्रेनचा फुगा रिकामा करायला दवाखान्यातल्या सिस्टर शिकवतील, त्या वेळी तुम्ही तिथे हजर असा आणि एकदा स्वतःच्या हाताने करून दाखवा. झाकण उघडायचं, कपात ओतायचं, फुगा मुठीत पूर्ण दाबायचा, दाबलेला असतानाच झाकण लावायचं, मग मूठ सोडायची. वहीत तारीख, वेळ, मिली. वही तुमच्या अक्षरात असू द्या.